नागपूरहून परदेशी फिरायला: व्हिजिटर व्हिसाचे कागद जुळवताना

मनीषनगरातल्या आमच्या कॉलनीत दिवाळी आटोपली की माझ्या दारावर एक ठरलेली टकटक होते. कुणाची मुलगी टेक्सासला, कुणाचा मुलगा म्युनिकला. उन्हाळ्यात या म्हणून आईवडिलांना बोलावणं आलेलं असतं, आणि आल्याआल्या पहिला प्रश्न एकच, "काका, खात्यात किती दाखवा लागते?" मी बँकेत ३१ वर्षं काढली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे. मी चहा टाकायला सांगतो आणि आधी पासपोर्ट मागतो. खात्याचं नंतर.

व्हिसा देणारा अधिकारी काही तुमचं घर पाहायला नागपूरला येत नाही. त्याच्यापुढे अर्ज असतो, कागद असतात, फार तर दोन-तीन मिनिटांची मुलाखत. तेवढ्यात त्याला एवढंच कळून घ्यायचं असतं की हा माणूस कोण, खर्च कोण करतंय आणि हा परत कशासाठी येईल. या तिन्हींची उत्तरं सगळीकडे सारखी निघाली पाहिजेत. माझ्यासमोर जे अर्ज नाकारले गेले, त्यांत पैसे कमी पडले म्हणून गेलेले थोडे, आणि एक कागद एक सांगतो नि दुसरा दुसरंच, म्हणून गेलेले जास्त.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

पासपोर्ट उघडून आधी शेवटची तारीख पाहा. बहुतेक देशांच्या बाबतीत प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक आहे असं धरूनच चाला. युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशेब थोडा वेगळा: तिथून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा आणि निदान दोन पानं कोरी हवीत. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या. नागपुरात प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. प्रौढांच्या ३६ पानी पुस्तिकेला १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. घरात १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेलं बाळ असेल तर त्याच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आणि जुना पासपोर्ट फेकू नका. त्यावरचे जुने व्हिसे आणि शिक्के म्हणजे तुम्ही जाऊन वेळेवर परत आलात याचा पुरावा.

आता नाव. इथे आपल्याकडची गंमत सुरू होते. वानखेडे हे आडनाव आधारवर व्हीनं, पॅनवर डब्ल्यूनं आणि सातबाऱ्यावर अर्थातच मराठीत. लग्नात नाव बदललेल्या बायकांचं तर विचारू नका. एका वहिनींच्या कागदांत मी तीन बायका मोजल्या होत्या: शाळेच्या दाखल्यावर माहेरची, रेशन कार्डावर सासरची आणि बँकेत दोन्हींची मिळून तयार झालेली तिसरीच. पासपोर्टावर मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, बहुधा पहिल्या नावाच्या रकान्यात जोडून छापलेलं असतं. अर्जातही ते तसंच जोडून लिहायचं. आपल्या मनानं वेगळं करायचं नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. एक कोरा कागद घ्या. डावीकडे आधार, पॅन, पासपोर्ट, बँक, लग्नाचा दाखला, पेन्शनचा कागद असं खाली खाली लिहा आणि समोर प्रत्येकावरचं नाव नि जन्मतारीख अक्षरन् अक्षर उतरवा. जिथे फरक दिसेल तिथे लाल खूण. पासपोर्ट हा मुख्य धरायचा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवायचे. बँकेतलं नाव केवायसीच्या अर्जानं आठ-दहा दिवसांत सुधारतं, आधारला त्याहून थोडा जास्त वेळ धरा. जे सुधारणं शक्य नाही त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी प्रतिज्ञापत्र. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण तिकिटाच्या गडबडीत करण्यापेक्षा आता, बसल्याबसल्या केलेलं बरं.

कुठे जाणार त्यावर कष्ट ठरतात

नेपाळ-भूतानला व्हिसा लागत नाही. थायलंड आणि मलेशियानं अलीकडे भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली, पण दोन्हीकडे निघण्याआधी ऑनलाइन आगमन-कार्ड भरावं लागतं आणि अशा सवलती मुदतीच्या असतात. तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा पाहूनच घ्या. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या होतो. दुबईचं काम एअरलाइन किंवा टूरवाला करून देतो. यात फार सांगण्यासारखं नाही.

खरी मेहनत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि शेंगेनची. शेंगेन म्हणजे एका व्हिसावर २९ देश. अर्ज मात्र मनाला येईल त्या देशाकडे करायचा नाही. जिथे सर्वांत जास्त रात्री मुक्काम, त्याच देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे आधी पाय ठेवणार त्याच्याकडे. "अमुक देश लवकर देतो, तिकडून काढू" हा सल्ला कुणी दिला तर हात जोडा. मुक्काम पॅरिसला पाच रात्री आणि अर्ज भलत्याच देशाकडे, हे हॉटेलच्या पावत्यांवरून पहिल्याच नजरेत उघडं पडतं.

फीचा अंदाज असावा म्हणून सांगतो. शेंगेनला प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खाली काही नाही. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज १८५ डॉलर. ब्रिटनची सहा महिन्यांची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पाउंड झाली. कॅनडाचे १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे वेगळे ८५. अर्ज केंद्राचा सेवा आकार यावर आणखी. व्हिसा नाकारला तर यातलं काहीही परत मिळत नाही, तेव्हा घाईनं भरलेला अर्ज महागात पडतो.

वेळेचं म्हणाल तर शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. अगदी पंधरा दिवसांवर कुणी जाऊ नये, मे महिन्यासाठी तर फेब्रुवारीतच हालचाल करा. अमेरिकेच्या पहिल्यांदाच्या मुलाखतीची तारीख कित्येक महिने पुढची मिळू शकते. मुलीचं बाळंतपण ऑगस्टला असेल तर बातमी कळली त्याच आठवड्यात अर्ज भरायला बसा.

पैशाचे कागद

आता तो चहावरचा प्रश्न. किती दाखवावे लागतात? अमेरिका आणि ब्रिटननं व्हिजिटरसाठी असा ठरलेला आकडा कुठेही छापलेला नाही. शेंगेनमधले देश दिवसाच्या खर्चाचा किमान हिशेब धरतात. पण कुठेही पाहिलं जातं ते हेच, की एवढा खर्च या माणसाच्या कमाईला शोभतो का?

बँकेत असताना मी कर्जाचे अर्ज तपासायचो. खातेउतारा वाचायची माझी सवय अशी की मी शिल्लक शेवटी पाहायचो. आधी पाहायचो जमा कुठून होते, नियमित आहे का, आणि मध्येच एखादा डोंगर उभा राहिलाय का. महिन्याला ४० हजार पेन्शन येणाऱ्या खात्यात अर्जाच्या दहा दिवस आधी सहा लाख रोख भरलेले दिसले, तर ते सहा लाख कुणाचे आहेत हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. व्हिसा अधिकारीही तसंच वाचतो. मेहुण्याकडून महिनाभर पैसे ठेवून घ्यायचा उपाय आपल्याकडे सर्रास सांगतात. त्यानं उलट नुकसानच होतं. त्यापेक्षा दीड-दोन लाखांची पण वर्षभर हलती-वाहती शिल्लक आणि जुनी एफडी जास्त बोलते. गेल्या आठवड्यात केलेल्या एफडीला तो मान नाही.

बँकेतून सहा महिन्यांचा खातेउतारा घ्या, प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का आणि सही घ्या. पासबुकाची झेरॉक्स चालवून घेतील या भरवशावर राहू नका. सोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. नोकरदारांना तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं रजेचं पत्र: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजा मंजूर, त्यानंतर कामावर रुजू होतील. रजेच्या तारखा आणि तिकिटाच्या तारखा जुळतात का ते दोनदा पाहा. पेन्शनरांनी पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत लावावी. दुकानदारांनी जीएसटी नोंदणी आणि शॉप ॲक्टचा दाखला. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्ट-व्हिसाची प्रत, पगाराचा पुरावा. पण अमेरिकेच्या बाबतीत लक्षात ठेवा, अर्ज तुमचा आहे. मुलगा कितीही कमवत असला तरी नागपुरात तुमचं काय आहे, हेच तिथे पाहतात.

शेतकऱ्यांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण काटोल-नरखेडकडून येणारी मंडळी इथेच अडतात. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे अनेकांकडे विवरणपत्रच नसतं. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे निघाला की खात्यात एकदम मोठी रक्कम येते, आणि कागदावर तो तसाच संशयास्पद डोंगर दिसतो. तो खरा असतो, फक्त त्याला पुरावा जोडावा लागतो. माल कळमन्याच्या बाजारात विकला असेल तर अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, जपून ठेवा. बाग झाडावरच व्यापाऱ्याला दिली असेल तर तोंडी सौदा पुरत नाही. इसार किती, बाकी किती, कोणत्या तारखेला, असा साधा करारनामा करा आणि रक्कम रोख न घेता खात्यात घ्या. सातबारा, आठ-अ आणि या पट्ट्या, तिन्हींचं इंग्रजी भाषांतर करून लावा. ब्रिटनला भाषांतराखाली भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क लागतो. मी तर सांगतो, विवरणपत्र भरणं सक्तीचं नसलं तरी शेतीचं उत्पन्न दाखवून ते भरत जा. दोन-तीन वर्षांनी व्हिसा काढताना कामाला येतं.

अर्ज आणि माझी फजिती

अमेरिकेचा अर्ज म्हणजे डीएस-१६०. तो इंग्रजीत, ऑनलाइन भरायचा. वीसेक मिनिटं हात थांबला की पान मिटतं, म्हणून सुरुवातीलाच मिळणारा अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि प्रत्येक पानाला सेव्ह करा. मागच्या पाच वर्षांत समाजमाध्यमांवर कोणत्या नावानं खाती होती तेही त्यात विचारतात. "बाबांचं फेसबुक आहे पण पासवर्ड विसरले" हे उत्तर नाही; खातं आहे तर नाव लिहायचं. पूर्वी कुठल्याही देशानं व्हिसा नाकारला असेल आणि अर्जात तसा प्रश्न असेल, तर खरं सांगायचं. पासपोर्टावर आडनाव किंवा नाव यांपैकी एकच रकाना भरलेला असेल तर अमेरिकेच्या कागदांत पहिल्या नावाच्या जागी एफएनयू असं येतं. ते पाहून घाबरू नका, त्याचा अर्थ नाव माहीत नाही एवढाच.

माझी फजिती अशी. आईसाठी अर्ज भरला, मुलाखतीची वेळ घेतली. मग लक्षात आलं की तिच्या वडिलांच्या नावात चूक झालीय. मी शहाणपणानं नवा अर्ज भरला, नवी पावती छापली, आणि वेळ घेताना दिलेला जुना क्रमांक बदलायचा राहून गेला. हैदराबादला रांगेत कागद तपासताना दोन क्रमांक जुळेनात. ७१ वर्षांची आई उन्हात उभी आणि मी फायलीत तोंड खुपसून. चूक माझीच होती. नवी तारीख घेऊन पुन्हा यावं लागलं. तेव्हा अर्ज बदलला की वेळेच्या नोंदीतला क्रमांकही बदला, आणि निघायच्या आदल्या रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून अंक न् अंक वाचा.

एजंटाकडून अर्ज भरून घेणार असाल तर घ्या, पण जमा करण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. सही तुमची, जबाबदारी तुमची. खोटा कागद सापडला तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत, कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं आणि अमेरिकेत तो डाग कायमचा राहू शकतो.

फोटो

यासाठी वेगळा मथळा द्यायचं कारण सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओतला पोरगा. आईचा फोटो काढला आणि मी चहा घेऊन येईपर्यंत त्यानं तिच्या सुरकुत्या पुसल्या, गाल उजळले, कपाळावरचं गोंदणही काढून टाकलं. "काकू दहा वर्षांनी लहान दिसून राहिल्या न!" खूश होता बिचारा. तो फोटो अर्थातच बाद. व्हिसाच्या फोटोत काहीही घासूनपुसून चालत नाही. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, त्यात चेहरा मोठा दिसायला हवा. दोन्हीकडे सहा महिन्यांच्या आतला. स्टुडिओत माप लिहून न्या, नुसतं "व्हिसाचा" म्हटलं की तो मनात येईल ते माप देतो.

तिकीट, मुक्काम, विमा

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. शेंगेनला आरक्षण दाखवलं तरी चालतं, पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. पण शेंगेनला प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा, किमान ३०,००० युरोंचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरून. अमेरिकेला विमा सक्तीचा नाही, तरी साठीपुढच्यांनी त्याशिवाय जाऊ नये. रक्तदाब-मधुमेह लपवून स्वस्त विमा घेतलात तर गरजेला तो कागद कामाचा राहत नाही. मुलं एकाच पालकासोबत जात असतील तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र.

मुंबई की हैदराबाद

बोटांचे ठसे आणि मुलाखतीसाठी नागपूरबाहेर पडायची तयारी ठेवा. शेंगेनचे बरेच देश राहत्या राज्यावरून केंद्र ठरवतात, म्हणजे आपल्याला बहुधा मुंबई किंवा पुणे. शेंगेनचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. अमेरिकेला मात्र भारतातलं कोणतंही केंद्र निवडता येतं, आणि नागपूरकराला हैदराबाद जवळ. मुंबई आठशे किलोमीटरच्या वर, हैदराबाद पाचशेच्या आसपास. पहाटे पाचची वंदे भारत धरली की दुपारी सिकंदराबाद. ठसे एका दिवशी एका ठिकाणी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात, असे दोन मुक्काम धरा. दूतावासात मोबाइल नेता येत नाही आणि तिथे ठेवून घ्यायचीही सोय नसते, म्हणून सोबत एक माणूस हवाच. सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्या आजोबांनाही साधारणपणे स्वतः मुलाखतीला जावं लागतं, तेव्हा प्रवासाचा विचार त्यांच्या गुडघ्यांना विचारून करा.

खिडकीपुढे

आमच्या मागच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांची मुलाखत त्यांनीच मला ऐकवलेली. खर्च कोण करणार? "मुलगा पाहते." तिथे काय काय पाहणार? "मुलगा नेईन तिकडे." परत कधी? "मुलगा म्हणेन तेव्हा." तीन प्रश्न, तीनदा मुलगा, आणि हातात नकाराचा कागद. मास्तर खोटं एक अक्षर बोलले नव्हते. पण त्यांची स्वतःची पेन्शन, उमरेडची सहा एकर, घरी असलेली म्हातारी आई, यांतलं काहीच त्या खिडकीपलीकडे पोचलं नाही. अमेरिकेचा कायदा २१४(ब) कलमाखाली प्रत्येक व्हिजिटरला राहायलाच आलेला समजून सुरुवात करतो. तसं नाही हे आपण दाखवायचं असतं.

पुढच्या वेळी मास्तरांनी स्वतःची उत्तरं दिली. "तिकीट माझ्या पेन्शनीतून, राहणं मुलाकडे. आठ आठवडे. जुलैत परत, सोयाबीन पेरणी झाल्यावर पाहायला माणूस लागते." हे सगळं ते हिंदीत बोलले, त्यानं काही बिघडलं नाही. व्हिसा मिळाला. पाठ केलेलं इंग्रजी नको, विचारलं तेवढंच सांगा, आणि फाइल मागितल्याशिवाय काचेवर टेकवू नका. अनेकदा ते कागद पाहतही नाहीत.

नकार आलाच तर अमेरिकेत २१४(ब)वर अपील नाही, नवी फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. पण काही बदललं नसेल तर आठवड्याभरात तोच अर्ज पुन्हा टाकून फी घालवू नका. शेंगेनच्या नकारपत्रात कारणावर खूण असते आणि अपिलाची वाट दिलेली असते. आधी ते कारण वाचा.

व्हिसा आल्यावर

पासपोर्ट हातात आला की पाकीट लगेच उघडा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, तारखा, किती वेळा प्रवेश, सगळं तपासा. चूक असेल तर त्याच दिवशी कळवा. व्हिसाची मुदत आणि राहायची मुदत या वेगळ्या गोष्टी. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेला किती राहायचं ते तिथल्या विमानतळावर ठरतं आणि आय-९४ या नोंदीत दिसतं. शेंगेनला कोणत्याही १८० दिवसांत ९०.

सोनेगावच्या विमानतळावरून निघताना मुलाचा पत्ता आणि फोन इंग्रजीत कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा, मोबाइलची बॅटरी ऐन वेळी दगा देते. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आणि नातवासाठी संत्र्यांची पिशवी भरली असेल तर ती उतरवून ठेवा. अमेरिका असो की ऑस्ट्रेलिया, ताजं फळ आत नेऊ देत नाहीत. लोणचं, चिवडा, मसाले जे काही न्याल ते सीमाशुल्काच्या फॉर्मवर लिहा. लिहून जप्त झालं तर बरणी जाते, न लिहिता सापडलं तर दंड होतो.